पावसाची जागा

गोताड सर कोणाच्याही घरी गेले की आधी दाराची विचारपूस करत, मग माणसांची. दार उघडायचं, लावायचं. पुन्हा उघडायचं, पुन्हा लावायचं. दुसऱ्या खेपेला मान जरा तिरकी करून ऐकायचं. हे झाल्यावर चपला काढायच्या.

आमच्या संस्थेतल्या हेडक्लार्कचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे मिळून भेटायला गेलो होतो. बाकीचे चेहरे पाडून आत सतरंजीवर बसले आणि सर उंबऱ्यातच अडकले. दाराचा आवाज दोनदा झाला, तशी आतली एक म्हातारी रडायची थांबून कोण आलंय ते बघायला आली. "वरची बिजागरी गेली आहे," असं सर हेडक्लार्कना म्हणाले, आणि मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी स्वतः जाऊन त्यांनी ती बिजागरी बदलून दिली. हेडक्लार्क पुढे कितीदा तरी म्हणाले, "तुम्ही लोक त्या दिवशी काय बोललात त्यातलं एक अक्षर आठवत नाही. दार मात्र तेव्हापासून कुरकुरलेलं नाही."

दत्ताराम गोताड रत्नागिरीजवळच्या आमच्या तांत्रिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचे निदेशक होते. मी तिथे 'रोजगार कौशल्ये' नावाचा विषय शिकवतो. मुलाखतीला जाताना हसरा चेहरा ठेवावा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं, हात हलवावेत पण फार हलवू नयेत, असं त्यात असतं. आत्मविश्वासावर एक पूर्ण प्रकरण आहे. दहावीत दोनदा आपटलेल्या, मुंबईतल्या बापाला वर्षातून गणपतीला आणि शिमग्यालाच बघणाऱ्या मुलांना मी ते प्रकरण वाचून दाखवतो. मुलं ऐकून घेतात. कोकणातली मुलं कोणाचंही ऐकून घेतात.

माझा वर्ग आणि सरांची शेड यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्या शेडला दार नव्हतं, शटर होतं. बांधकाम खात्याने सुतारकामाच्या शेडला लोखंडी शटर बसवावं आणि त्यामागे गोताड सरांनी आयुष्य काढावं, यात कोणाला काही खटकलं नाही. सरांना रोज सकाळी खटकायचं. शिपाई शटर वर ढकलायला लागला की ते पाठ फिरवून उभे राहायचे.

बुटका माणूस. पांढरा हाफशर्ट, आणि कोपरापासून पुढचे हात एखाद्या उंच माणसाचे आणून लावावेत असे. बोलणं मोजकं. कौतुकाचा त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'चालेल'. महिनाभर खपून केलेला पाट असो की पहिल्याच दिवशी सरळ ठोकलेला खिळा, चांगलं जमलं तर "चालेल," न जमलं तर काहीच नाही. मुलं त्या 'चालेल'साठी मरत. माझ्या विषयाच्या पुस्तकात 'विद्यार्थ्यांचे मुक्तकंठाने कौतुक करा' असं वाक्य आहे. मी ते एकदा सरांना दाखवलं. त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "बांधणी सुटलीय ह्याची."

त्यांच्या शिकवण्यातली एक गोष्ट मात्र पुस्तकात कुठे सापडायची नाही. ती म्हणजे पावसाची जागा.

आमच्याकडे मे महिन्यात अगदी काटेकोर बसलेलं दार जुलैत उघडत नाही. लाकूड हवेतलं पाणी पितं, फुगतं, चौकटीत घट्ट होऊन बसतं. मग घरातला दांडगा माणूस खांदा लावतो आणि बाकीचे मागून सल्ले देतात. म्हणून दार आणि चौकट यांच्यामध्ये बारीकशी फट मुद्दाम ठेवायची. सर म्हणत, "पावसाला बसायला जागा ठेवा. नाय ठेवलीत तर तो आपली आपण करून घेतो." फट किती, तर लग्नपत्रिका जाईल एवढी. सरांच्या खिशात कायम कोणाची तरी जुनी लग्नपत्रिका असे. ती फटीतून वरपासून खालपर्यंत न अडता सरकली पाहिजे. "आणि पाकिटासकट सरकली, तर मेल्या, तो दरवाजा नाय, खिंड झाली!"

दुसरी गोष्ट 'का?' ही. मुलाने काही केलं की सर विचारत, "का?" हा सांधा इथे का? आधी लांब बाजू का तासलीस? मुलं हनुवटी छातीला लावून काहीतरी पुटपुटत. आमच्याकडची मुलं शत्रूलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलतात. त्यावर सरांनी स्वतः शोधलेला उपाय म्हणजे रंध्याचं मशीन. फळी तासायचं ते थोरलं मशीन सुरू झालं की शेडचे पत्रे थरथरत. मशीन सुरू करून सर त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहत, मुलाला अलीकडे उभं करत आणि ओरडत, "का?" मुलाने तिथून, त्या आवाजाच्या वरताण, उत्तर द्यायचं. ऐकू आलं नाही तर सर नुसता हात कानाला लावत. पहिल्या महिन्यात मुलं रडकुंडीला येत. दिवाळीपर्यंत ती खणखणीत ओरडायला लागत.

भिंतीपलीकडे माझं आत्मविश्वासाचं प्रकरण त्यात वाहून जायचं. एकदा मी चिडून शेडमध्ये गेलो.

"अहो गोताड, मी तिकडे आत्मविश्वास शिकवतोय!"

त्यांनी मशीन बंद केलं नाही. हात कानाला लावला. मला तेच वाक्य त्या आवाजाच्या वरताण तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग ते ओरडले, "मी पण!" आणि मुलं हसली. एवढं मात्र खरं, की पुस्तकाच्या मदतीने माझा आवाज इतका मोठा कधी लागला नव्हता.

या माणसाला कौशल्य स्पर्धांचं वेड होतं. मला अशा स्पर्धांचं वावडं आहे. म्हणजे स्पर्धांचं नाही, त्यांना वेढून बसलेल्या समारंभाचं. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, प्रास्ताविक, प्रास्ताविकाबद्दल आभार, आणि हे सगळं होईपर्यंत हत्यारं हातात धरून ताटकळलेली पोरं. मी म्हणायचो, "सर, त्या फलकावर खर्च होतो तेवढ्यात चांगलं लाकूड येईल." ते म्हणायचे, "लाकडासाठी नाय नेत मी पोरांना. अनोळखी माणसाने 'का?' विचारलं पाहिजे त्यांना. मी विचारून काय? मी घरचा."

हा त्यांचा सिद्धांत. एखादं पोर परक्या गावात, परक्या माणसासमोर, स्वतः केलेल्या वस्तूवर हात ठेवून 'हे मी असं केलं, कारण...' एवढं बोललं की ते पोर उभं राहिलं. बक्षीस मिळालं काय आणि न मिळालं काय. मुंबईत जाऊन कोणाच्या हाताखाली राबलं तरी त्याला कोणी दाबू शकत नाही. जयगडच्या बंदरात कंत्राटदाराकडे लागलं, लोट्याला कारखान्यात लागलं, तरी तेच.

सिद्धांत सुंदर होता. व्यवहारात बहुतेक वेळा त्या 'कारण'च्या आधी पाहुणे यायचे.

एका जिल्हास्तरीय स्पर्धेची गोष्ट आहे. उद्घाटक इतके उशिरा आले, की सकाळची स्पर्धा दुपारी सुरू झाली आणि संध्याकाळचं आभारप्रदर्शन हलवता येत नसल्यामुळे मुलांचा वेळ निम्मा झाला. उद्घाटकांना आयोजकांनी फीत कापू दिली नाही, काहीतरी अभिनव म्हणून हातात रंधा दिला आणि फळीवर एक हात मारायला सांगितलं. फोटोवाले ओणवे झाले. साहेबांनी ताकदीने रंधा मारला, तो लाकडाच्या रेषेच्या उलट. फळीचा टवका उडाला आणि साहेबांचा हात सटकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबताना मागून सरांचा आवाज आला, "फळी फिरवून घ्या. उलट्या रेषेत मारताय."

साहेब दिलदार होते, हसले. आमचे प्राचार्य हसले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी सरांना विचारलं, "गोताड, तिथे बोलायची गरज होती का?"

"फळी पोरांची होती," सर म्हणाले.

त्या दिवशी अपुऱ्या वेळात एकाही मुलाचं काम पुरं झालं नाही, आणि अपुऱ्या कामाबद्दल परीक्षकांनी कोणाला 'का?' विचारलं नाही. सर आठवडाभर घुम्यासारखे वावरत होते. पुढच्या वर्षी पुन्हा पोरं घेऊन निघाले.

निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या वाट्याला दर्शना भुवड आली. लांज्याच्या आतल्या एका वाडीतली. इलेक्ट्रिशियनच्या जागा भरल्या होत्या, म्हणून ती सुतारकामाला आली, मुलगी एकटीच. हात स्थिर होता, डोळा बरा होता. आवाज नव्हता. हजेरीला ती हात वर करी. माझ्या तासाला 'स्वतःची ओळख करून द्या' असा पाठ असतो, त्यात ती उभी राहिली, फळ्याकडे बघत राहिली, आणि घंटा झाली तेव्हा बसली. मी तिला दहापैकी चार दिले. कशाबद्दल दिले ते मला सांगता येणार नाही.

मशीनसमोर मात्र ती बोलली. पहिल्यांदा कधी ते मी पाहिलं नाही, ऐकलं. माझ्या वर्गात भिंतीपलीकडून मशीनची घरघर येत होती आणि त्या घरघरीच्या वरून एक बारीक, धारदार आवाज आला, "गाठ आहे म्हणून! गाठीत खिळा मारला तर चिरंल!" माझा अख्खा वर्ग भिंतीकडे बघायला लागला. त्या दिवशी सर चहाच्या वेळेला माझ्याजवळ येऊन बसले. चहा संपवला. मग म्हणाले, "हिला नेतो."

"कुठे?"

"घाटावर. विभागीय स्पर्धेला." आणि थोड्या वेळाने, "माझी शेवटची. एवढं एक पोर बोलतं झालं परक्यासमोर, की मग मी मोकळा."

घाटावरच्या त्या मोठ्या शहरातल्या स्पर्धेला संघाबरोबर एक व्यवस्थापक लागतो, म्हणून मीही गेलो. या खेपेला पाहुणे वेळेवर आले, हे मला नमूद केलं पाहिजे. सगळंच इतकं नीट होतं, की माझी पंचाईत झाली. प्रत्येक स्पर्धकाला स्वतंत्र टेबल, एकसारखं पाइनचं लाकूड, छापील ड्रॉइंग. करायची होती झडपेची छोटी खिडकी. मशीनचं सगळं काम आदल्या दिवशी दुसऱ्या इमारतीत उरकलं होतं, इथे फक्त हातकाम. निदेशकांना दोरीच्या मागे उभं राहायचं, आणि स्पर्धकाशी एक शब्द जरी बोललात तर तो बाद.

दर्शनाने खिडकी सुरेख केली. मला लाकडातलं कळत नाही. सरांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग तिने झडप बसवली, खिशातून जुनी लग्नपत्रिका काढली आणि फटीतून फिरवली. पत्रिका सरकली. सरांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"जागा ठेवली तिने," सर म्हणाले. "पावसाची."

ड्रॉइंगमध्ये फट होती ती कागदाएवढी. त्या शहरात जुलै असतो, पण आमच्यासारखा नसतो. तिथली दारं बारा महिने दारांसारखी वागतात. दर्शनाच्या हाताला ते ठाऊकच नव्हतं. तिने ड्रॉइंग वाचलं असणार, पण हात लग्नपत्रिकेपाशी जाऊन थांबला.

सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि परीक्षक आले. तरुण होते, नम्र होते. त्यांनी फटीत मोजायची पट्टी घातली, भुवई उंचावली, आणि मग जे सरांना सबंध आयुष्यात कोणा परक्याकडून हवं होतं ते केलं. दर्शनाकडे वळून शांतपणे विचारलं, "इतकी फट ठेवली आहे. का?"

स्पष्टीकरणाला वेगळे गुण होते. आणि उत्तर तिला पाठ होतं. मशीनच्या आवाजात शंभरदा तरी ओरडलेलं.

त्या हॉलमध्ये पंख्याचाही आवाज नव्हता. दर्शनाने तोंड उघडलं. परीक्षक थांबले. खरंच थांबले, घड्याळाकडे न बघता. पुन्हा म्हणाले, "सांगा ना. काही कारण असेल." तिने झडपेवर हात ठेवला, काढला, खाली बघितलं. माझ्या शेजारी सरांनी दोरी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती, की दोरीचे खांब आत झुकले. त्यांचे ओठ हलत होते. शब्द एक नाही.

परीक्षकांनी काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

परत येताना एसटी आंबा घाट उतरत होती. दर्शना पुढे एकटी खिडकीशी बसली होती. मी सरांची समजूत काढायला म्हणालो, "गुण कापायला नको होते. आपल्याकडे तशीच पद्धत आहे."

"ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग," सर फटकन म्हणाले. "मार्क गेले ते बरोबर गेले. गिऱ्हाइकाने कागदाएवढी मागितली तर कागदाएवढी द्यायची. पण विचारलं ना तिला? माणूस चांगला होता. दोनदा विचारलंन. मग बोलायला नको?"

"घाबरली असेल."

"घाबरली नाय. आवाज नव्हता तिथे." त्यांनी पुढे दर्शनाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी तिला बोलायला शिकवलंच नाय हो. मशीनवर ओरडायला शिकवलं. कोणाला ऐकू येत नाय म्हणून ती बोलायची. आणि मला वाटत होतं..."

आमच्या शेजारची काच वळणावळणाला खडखडत होती. सरांनी पिशवीतून 'मार्गदर्शक' म्हणून त्यांना मिळालेलं प्रमाणपत्र काढलं, त्याची नीट चौपदरी घडी घातली आणि काचेच्या फटीत दाबून बसवली. खडखड थांबली. प्रमाणपत्राचा इतका थेट उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

उरलेल्या महिन्यांत सरांनी मशीन बंद ठेवून 'का?' विचारून बघितलं. दर्शना फळ्याकडे बघे. त्यांनी शेडच्या बाहेर विचारलं, चहाच्या टपरीवर विचारलं. एकदा माझ्या वर्गात आणून, मला परका माणूस समजायला सांगून विचारलं. ती मला बघून हसली, एवढंच. सर चिडले, म्हणजे गप्प झाले. एकदा म्हणाले, "एवढी वर्षं पोरं ओरडत होती आणि मी खूश. बाहेर जाऊन किती जण बोलली असतील, कोण जाणे."

मे महिन्यात सरांच्या निवृत्तीला आठवडा राहिला असताना प्राचार्यांनी 'गुणवंतांचा गौरव' ठरवला. विभागीय स्पर्धेत भाग घेणं हाही गुणच, असं धोरण होतं. वळवाच्या पावसात सभागृहाचं छप्पर गळत होतं, म्हणून समारंभ सरांच्या शेडमध्ये. मागे फलक लागला, 'कौशल्यातून आत्मविश्वासाकडे'. मंडपवाल्याने मोठ्या मशीनवर गुलाबी सॅटिनचं कापड टाकलं, त्यावर सन्मानचिन्हं मांडली आणि मधोमध पाणी भरलेली फुलदाणी ठेवली. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. सर शेवटच्या रांगेत बसले होते आणि फुलदाणीवरून त्यांची नजर हलत नव्हती. मी जवळून जाताना त्यांनी माझा शर्ट ओढला. "पाणी सांडलं तर मशीनच्या बेडाला गंज धरंल. ती वस्तू हलवायला सांगा ना कोणाला तरी."

मी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, "फोटोत मध्यभागी काहीतरी लागतं."

पाहुणे आत्मविश्वासावर बोलले. बराच वेळ बोलले. त्यांच्याकडे तो होता. भाषणाच्या शेवटी त्यांनी एक आनंदाची बातमी दिली, की सुतारकामाला हल्ली प्रवेशच होत नसल्याने पुढल्या वर्षापासून ही शेड अद्ययावत कौशल्य सभागृह होणार. टाळ्या झाल्या. सर टाळ्या वाजवत नव्हते, पण ते कधीच वाजवत नसत.

मग मी पुकारलं, "कुमारी दर्शना भुवड. दोन शब्द."

ती माइकपाशी आली. उभी राहिली. शेडमध्ये शांतता पसरली. पाहुणे खुर्चीत पुढे झुकले. "घाबरू नको बाळा. स्पर्धेने आत्मविश्वास आला ना? नुसतं हो म्हण."

ती हो सुद्धा म्हणाली नाही.

शेवटच्या रांगेतली खुर्ची सरकली. सर सावकाश पुढे आले. त्यांनी आधी फुलदाणी उचलली आणि माझ्या हातात दिली, "धरा." मग सॅटिनची चारी टोकं गोळा करून सन्मानचिन्हांसकट गाठोडं बांधलं आणि प्राचार्यांच्या मांडीवर ठेवलं. आणि मशीनचं हिरवं बटण दाबलं.

पत्रे थरथरले. फलक हलायला लागला. पाहुण्यांच्या अंगावर भुशाचा एक झोत आला. सर पलीकडे जाऊन उभे राहिले. दर्शनाने माइक सोडला, चालत अलीकडे आली, नेहमीच्या जागी उभी राहिली. सरांचे ओठ हलले. काय विचारलं ते सांगायची गरज नाही.

आणि ती बोलायला लागली. व्यासपीठावरच्यांना नुसतं तिचं तोंड हलताना दिसत होतं. फुलदाणी घेऊन मी जवळ होतो, म्हणून मला तुटक तुटक ऐकू आलं. फट, पाऊस, पत्रिका. प्राचार्य गाठोडं सांभाळत भिंतीकडे धावले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. मशीन एकदम थांबत नाही. त्याची घरघर उतरत उतरत जाते. ती उतरत गेली तसा दर्शनाचा आवाज वर उघडा पडत गेला. "...मला काय माहीत, सगळीकडे पाऊस असाच असतो असं वाटलं मला! तुम्ही कधी सांगितलंत काय, तिकडे दारं फुगत नाय म्हणून? चूक माझी, पण सर, तुमची पण..."

एवढ्यात मशीन पुरतं थांबलं. तिला ते कळलं. तिने आजूबाजूला बघितलं, आणि वाक्य तिथेच राहिलं.

सर पलीकडे उभे होते. ते थांबले. त्या परीक्षकांसारखेच थांबले. त्यांनी हात कानाला लावला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. कोणीतरी तिच्या हातात सन्मानचिन्ह दिलं, फोटोवाल्याने तिला इकडे बघायला सांगितलं, आणि मी आभार मानले. वृत्तपत्रासाठी बातमी मीच लिहिली. त्यात 'विद्यार्थिनीने मनोगत व्यक्त केले' असं एक वाक्य आहे. प्राचार्यांनी सरांकडे खुलासा मागितला. सरांनी तो दिला की नाही माहीत नाही. निवृत्तीला आठवडाच राहिला होता. समारंभ संपल्यावर शेडमध्ये गेलो, तेव्हा ते गुलाबी सॅटिनने मशीनचा बेड पुसत होते. मंडपवाला बाजूला उभा राहून रडकुंडीला आला होता.

स्पर्धेतली ती खिडकी संस्थेत परत आली आणि खोक्यातून काढलीच गेली नाही. पावसाळ्यात तिची झडप फुगली की नाही, ते कोणी पाहिलेलं नाही. विचारणारा गेल्यावर कोण बघतो?

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना पोचवायला संस्थेसमोरच्या एसटी थांब्यावर गेलो. ते गुहागरकडे, आपल्या गावी निघाले होते. बरोबर हत्यारांची लाकडी पेटी. दर्शना लांज्याच्या गाडीची वाट बघत थांब्यावर आधीच उभी होती. समारंभानंतर ती सरांशी बोलली नव्हती, सर तिच्याशी बोलले नव्हते.

गाडी आली. ड्रायव्हरने ती बंद केली आणि टपरीवर पाण्याची बाटली भरायला उतरला. सरांनी पेटी आत सरकवली, पायरी चढले, आणि वळून एसटीचं दार लावलं. उघडलं. मान तिरकी केली.

"ओ काका," आतून कंडक्टर ओरडला, "आत की बाहेर? खेळणं आहे काय ते? सोडा दार!"

सरांचा हात दारावर तसाच राहिला. मी काहीतरी सौम्य बोलायच्या तयारीत होतो. माझी तयारी नेहमीच चालू असते.

"ओ कंडक्टर!" माझ्या मागून आवाज आला. "दोनदा बघतात ते. एकदाच झालंय. जरा थांबा, काय गाडी सुटत नाय तुमची!"

कंडक्टर वाकून बघायला लागला. थांब्यावरची दोन माणसंही बघायला लागली. दर्शना त्यांच्याकडे बघत नव्हती. ती दाराशी आली होती.

"आणि सर," ती म्हणाली, "निम्मी चूक तुमची पण होती."

सरांनी दार दुसऱ्यांदा लावलं. ऐकलं. मग काचेच्या आतून आमच्याकडे बघत, ओठांवरून ओळखू येईल इतक्या सावकाश म्हणाले, "चालेल."

तेवढ्यात ड्रायव्हर बाटली भरून परत आला, आणि मग कुठे गाडीचं इंजिन सुरू झालं.